50 मिमी उचललेल्या व्ही-क्रॉसला शॉकअप निवडताना: मिटलेली लांबी आधी, बाकी सगळं नंतर

या प्रकरणासाठी घेतलेली गाडी म्हणजे इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, 2018 ची, 2.5 लिटर डिझेल. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. वापर साताऱ्यासारख्या ठिकाणचा: आठवडाभर पुणे-बंगळुरू महामार्ग, सुटीला कोयनेच्या बाजूचे कच्चे रस्ते, नाहीतर वरंध घाटानं महाडकडे उतरून कोकणातल्या जांभ्याच्या वाटा. टायर कंपनीच्याच मापाचे. मागच्या हौद्यावर कॅनपी (बंद छत), आत खणांचा लाकडी साचा, पाण्याचा कॅन आणि हत्यारं, म्हणजे कायमचं 160 किलोच्या आसपास वजन. पुढे बुलबार नाही.

गाडी उचललेली आहे सगळीकडे उचलतात तशीच. पुढे स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या जुडग्याच्या, डोक्यावर 25 मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा स्पेसर घातला, त्यानं चाकापाशी सुमारे 45 मिमी उंची मिळाली. मागे पाट्यांना कमान चढवून एक जादा पाटा टाकला, तिथे 50 मिमी मिळाले. शॉकअप मात्र चारही कंपनीचेच राहिले, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

तक्रारी अशा. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठक्क आवाज. मोठ्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं की त्याहून जड असा दुसरा दणका. मागे घाटातल्या लागोपाठच्या खाचांवर गाडी डुलते, एकदा डुलली की तीन-चार हेलकावे खाल्ल्याशिवाय थांबत नाही. मागच्या डाव्या शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेलं, त्याला धूळ चिकटून काळा चिखल झालेला. खालचं रबरी बुश एका बाजूनं फाटून आतली पोलादी बाही दिसायला लागलेली.

यावर दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘किती लिफ्ट आहे?’ उत्तर ‘दोन इंच’, आणि काउंटरवर ‘दोन इंच लिफ्ट’ लिहिलेला डबा येतो. इथेच थांबायला हवं.

लिफ्टनं नक्की काय बदलतं ते नीट पाहू. स्प्रिंग किंवा पाटा बदलून गाडी उचलली की उभी असतानाची उंची बदलते. चाक पूर्ण वर गेल्यावर ते जिथे अडतं, म्हणजे बंप स्टॉपवर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे बफर म्हणतात, ती जागा बदलत नाही. बफर चासीला जिथे होता तिथेच आहे आणि ॲक्सल तिथेच येऊन आदळणार आहे. म्हणून शॉकअपची मिटलेली, म्हणजे पूर्ण दाबल्यावरची, लांबी मूळच्या इतकीच लागते. फक्त ताणलेली, म्हणजे पूर्ण उघडल्यावरची, लांबी वाढवावी लागते. ‘गाडी 50 मिमी उचलली म्हणून शॉकअप 50 मिमी लांब’ हा हिशेब अर्धा बरोबर आहे आणि चुकीचा अर्धाच जास्त महाग पडतो. लांब शॉकअप बफरच्या आधी मिटला तर सगळा आघात त्याच्या तळाच्या व्हॉल्व्हवर, दांड्यावर आणि चासीला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर जातो. तेलगळती परवडली, पण ब्रॅकेट चासीपासून उकलला तर काम शॉकअपच्या किमतीत आटोपत नाही.

पाट्याखाली ठोकळा घालून उचललेल्या गाडीचं गणित थोडं वेगळं. तिथे बफर ॲक्सलच्या नळीवर बसतो की यू-बोल्टच्या (पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या) वरच्या पट्टीवर, हे खाली वाकून बघावं. पट्टीवर बसत असेल तर ठोकळ्याच्या जाडीइतकं ॲक्सल आधीच खाली अडतं आणि जास्त लांब शॉकअप चालतो. ॲक्सलवर बसत असेल तर चालत नाही.

मागची मापं

टेप, खडू, दोन मजबूत घोड्या (जॅक स्टँड), जॅक आणि एक वही पुरते. गाडी रोजच्या वजनासकट मोजायची. कॅनपी काढून, टाकी रिकामी ठेवून घेतलेल्या मापांचा उपयोग नाही. शॉकअपची सगळी मापं वरच्या आणि खालच्या बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत. खालचे आकडे रीत दिसावी म्हणून मांडले आहेत. आपल्या गाडीचे आपणच काढावेत, कारण दोन गॅरेजमध्ये कमान चढवलेले पाटे कधीच सारखे नसतात.

गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना मागे बोल्ट ते बोल्ट 501 मिमी. लिफ्टच्या आधी हेच 455 होतं. ॲक्सल 50 मिमी खाली गेलं तरी हा फरक 46 चाच आहे, कारण शॉकअप सरळ उभा नाही, सुमारे 23 अंश कललेला आहे. उभ्या अंतराला 0.92 नं गुणलं की शॉकअपच्या रेषेतलं अंतर मिळतं.

चाक पूर्ण वर जातं तेव्हाचं माप थेट घेणं अवघड, कारण पाटे पूर्ण दाबायला हौद्यात वाळूची गाडी रिकामी करावी लागेल. म्हणून हिशेबानं काढायचं. बफरच्या टोकापासून तो जिथे आदळतो तिथपर्यंतची फट मोजायची: 121 मिमी. बफर स्वतः 60 मिमी उंच आहे आणि भरीव रबर जोरात दाबल्यावर साधारण निम्मं होतं, म्हणजे आणखी 30. एकूण 151, त्याला 0.92 नं गुणलं की 139. आता 501 मधून 139 वजा केले की 362 मिमी. या गाडीत मागचे दोन बोल्ट यापेक्षा जवळ येऊ शकत नाहीत.

चाक पूर्ण लोंबल्यावरचं माप सोपं. चासी घोड्यांवर घ्यायची, ॲक्सलखाली जॅक ठेवायचा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि जॅक हळूहळू उतरवायचा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणायला लागली की तिथेच थांबायचं, ती खरी मर्यादा समजायची. इथे होज ताणायच्या आधी पाटेच मोकळे झाले, अंतर 602 मिमी.

आता जुन्या शॉकअपकडे वळू. काढून मोजला तर मिटलेला 350, ताणलेला 560. लिफ्टच्या आधी उभ्या गाडीत त्याला ताणायला 105 मिमी जागा होती. लिफ्टनंतर उरली 59. पाटे 602 पर्यंत उघडू पाहतात आणि शॉकअप त्यांना 560 ला धरतो. म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर शंभरेक किलोचं ॲक्सल चाकांसकट शॉकअपच्या दांड्याला क्षणभर लटकतं. फाटलेलं बुश आणि ओघळलेलं तेल यांचं कारण हेच. माल खराब नव्हता, त्याच्याकडून ॲक्सल अडवून धरणाऱ्या पट्ट्याचं काम करून घेतलं गेलं.

बाजारात दोन पर्याय समोर येतात, एक मोनोट्यूब आणि एक ट्विन-ट्यूब; त्यांच्या आत काय असतं ते पुढे येतं. पहिला ‘50 मिमी लिफ्ट’ म्हणून विकला जाणारा मोनोट्यूब: मिटलेला 372, ताणलेला 600. ताणलेली लांबी बघून कोणालाही हाच घ्यावासा वाटेल. पण गाडीत अंतर 362 पर्यंत मिटतं आणि हा 372 लाच अडतो, बफरच्या 10 मिमी आधी. त्याला बसवायचं तर बफरखाली 25 मिमीचा ठोकळा घालावा लागेल. तेव्हा अंतर 385 ला थांबेल आणि 13 मिमी मोकळीक राहील, पण वजनासकट वर जाणाऱ्या ॲक्सलचा प्रवासही तेवढाच कमी होईल.

दुसरा पर्याय ट्विन-ट्यूब, ‘0 ते 40 मिमी’ असा शिक्का असलेला: मिटलेला 356, ताणलेला 582. मोकळीक फक्त 6 मिमी, ती कमी आहे. मागच्या शॉकअपला 10 ते 15 हवीच, कारण एकच चाक वर गेलं की ॲक्सल तिरकं होतं आणि अंतर हिशेबापेक्षा कमी भरतं. पण बफरखाली फक्त 10 मिमीची पोलादी चकती घातली की अंतर 371 ला थांबतं आणि 15 मिमी मोकळीक मिळते. खाली ताणायला 81 मिमी मिळतात. पाट्यांची सगळी 602 ची झेप मिळत नाही, तिची गरजही नाही. पाटा पूर्ण मोकळा होईपर्यंत लोंबू दिला तर शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) उलटा पडण्याची भीती असते, ती वेगळीच.

या प्रकरणात मागे दुसरा पर्याय. डब्यावर लिफ्टचा आकडा कमी लिहिलेला आहे आणि तरीही तोच बरोबर बसतो.

पुढचा स्पेसर का काढायचा

पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जुडग्यात आहेत, आणि लोअर आर्मवर ते चाकापासून आत बसतं. या गाडीत चाक 100 मिमी हललं तर स्ट्रट साधारण 55 मिमी हलतो. म्हणूनच 25 मिमीच्या स्पेसरनं चाकापाशी 45 मिमी मिळाले. हाच गुणक उलटाही लागतो: स्ट्रटच्या लांबीत केलेली चूक चाकापाशी जवळजवळ दुप्पट होते.

माप घ्यायला स्ट्रट बाहेर काढायचा. मग आर्म हातानं वरखाली करता येतो. जॅकनं वर उचलून बफर निम्मा दबेपर्यंत नेला: वरच्या माउंटिंगच्या बैठकीपासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत 392 मिमी. मग खाली सोडला, अप्पर आर्मचा बॉलजॉइंट त्याच्या टोकाला जाईपर्यंत: 518. हे करताना ड्राइव्हशाफ्टच्या आतल्या जॉइंटचा बूट घडीवर घडी घासतो का तेही बघून घ्यायचं. कॅलिपर होजवर लटकू द्यायचा नाही, तारेनं बांधून ठेवायचा.

कंपनीचा स्ट्रट मिटलेला 382, ताणलेला 497. दोन्ही टोकांना गाडीत व्यवस्थित बसतो. त्याच्या डोक्यावर 25 चा स्पेसर आला की दोन्ही मापांत 25 वाढतात: 407 आणि 522. आता दोन्ही तक्रारींचा उलगडा कागदावरच होतो. 522 हे 518 पेक्षा जास्त, म्हणून स्पीडब्रेकरवरून उतरताना स्ट्रट पूर्ण उघडण्याआधी बॉलजॉइंट टोकाला जाऊन आपटतो. तोच तो ठक्क. आणि 407 हे 392 पेक्षा 15 नं जास्त, म्हणून खड्ड्यात बफर पूर्ण दबण्याआधी स्ट्रट आतून तळाला लागतो. तो जड दणका. चाकापाशी मोजलं तर जवळपास 27 मिमी आधी.

स्पेसर वाईटच असतो असं नाही. 10 मिमीचा स्पेसर एका बाजूला गाडी कललेली असेल तर ती समतल करायला चांगला. 25 चा आणि तोही मूळ लांबीच्या स्ट्रटवर, हे मात्र पटण्यासारखं नाही.

निवडायचा तो लिफ्टसाठी बनवलेला पूर्ण स्ट्रट. त्याची बॉडी मूळच्या मापाची असते, स्प्रिंगची लांबी आणि बैठक वेगळी. इथे बसणारा पर्याय: मिटलेला 384, ताणलेला 507. वर 8 मिमी, खाली 11 मिमी मोकळीक. लिफ्ट मात्र 45 वरून 40 मिमीवर आणायची. उभ्या गाडीत कंपनीच्या उंचीला स्ट्रटची लांबी 440 होती, 40 मिमी लिफ्टला ती 462 होते. म्हणजे ताणायला 45, दबायला 70, आणि चाकापाशी अनुक्रमे 82 आणि 127 मिमी. गाडी दोन इंचांचीच हवी असा हट्ट धरला तर अप्पर आर्मही बदलावे लागतात, कारण उंचीबरोबर कॅस्टर (स्टीअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा कल) कमी होतो आणि महामार्गावर स्टीअरिंग सैल, भरकटल्यासारखं लागतं. या गाडीचा निम्म्याहून जास्त वापर महामार्गाचा आहे. ते 10 मिमी सोडून दिलेले बरे.

स्प्रिंग निवडताना एक गोष्ट आपल्याकडे हमखास चुकते. या गाड्यांच्या सस्पेन्शनचे बरेच संच ऑस्ट्रेलियात आखलेले असतात आणि तिथे पुढे पोलादी बुलबार, त्यात विंच, हे नेहमीचं. म्हणून एकाच गाडीसाठी पुढच्या स्प्रिंग दोन-तीन भारांच्या मिळतात. आपल्याकडे डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. ते बसवू नयेतच, पादचाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. मग बुलबार नसलेल्या गाडीला बुलबारची स्प्रिंग घातली की काय होतं? स्प्रिंग 110 न्यूटन प्रति मिमीची धरली तर चाकापाशी तिचा कडकपणा 33 च्या आसपास भरतो. पुढे अपेक्षित 110 किलो नसतील, म्हणजे दर चाकाला 55 किलो कमी, तर नाक आणखी 16 मिमी वर जातं. ताणायला ठेवलेल्या 45 मधले 9 मिमी उभ्या उभ्या गेले, आणि ठक्क आवाज नव्या महागड्या संचातही परत आला. ‘बार नाही’ या यादीतलीच स्प्रिंग मागायची.

नंबर कोणत्या पिढीचा

परदेशी यादीत नुसतं ‘डी-मॅक्स’ शोधून मागवलेला माल बसत नाही, अशी प्रकरणं गाडीच्या पिढ्यांच्या गोंधळामुळेच होतात. भारतात विकली जाणारी व्ही-क्रॉस दुसऱ्या पिढीची, म्हणजे बाहेरच्या देशांत 2012 ते 2019-20 या काळात विकलेली. बाहेर त्यानंतर तिसरी पिढी आली, तिचे पुढचे स्ट्रट वेगळे. भारतात 2022 ची गाडी घेतली असली तरी यादीत 2012 पासूनचीच ओळ बघायची. शेवरोले आणि होल्डन कोलोरॅडोची 2012 नंतरची पिढी याच सांगाड्यावरची, त्यामुळे बऱ्याच याद्यांत तिचं नाव याच ओळीत सापडतं. इसुझुच्याच एमयू-एक्स या एसयूव्हीचा पुढचा भाग जुळतो, पण तिच्या मागे पाटे नाहीत, कॉइल आहेत. तिचे मागचे शॉकअप घेऊ नयेत.

आत काय आहे

ट्विन-ट्यूबमध्ये दोन नळ्या असतात. पिस्टन आतल्या नळीत चालतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर कमी दाबाचा नायट्रोजन. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, त्याच नळीत तेलाच्या पलीकडे तरंगता पिस्टन आणि त्यामागे बऱ्याच जास्त दाबाचा नायट्रोजन. तेल आणि वायू एकमेकांना भेटतच नाहीत, म्हणून सतत खडबडीत रस्त्यावरही तेलाचा फेस होत नाही, आणि नळी उघडी असल्यानं उष्णता लवकर बाहेर पडते. या दोन्ही बाबतींत मोनोट्यूब सरस आहे.

मग तो इथे का नाही? एक कारण वर आलंच: वायूचा कप्पा त्याच रेषेत असल्यानं लांबी खातो. ताणलेल्या आणि मिटलेल्या लांबीतला फरक म्हणजे चाल. मिटलेल्या लांबीतून चाल वजा केली की जे उरतं ती निव्वळ शरीराची लांबी. आपल्या मोनोट्यूबची ती 144, ट्विन-ट्यूबची 130. हे 14 मिमी याच गाडीत भारी पडतात. दुसरं कारण दगड. मोनोट्यूबच्या बाहेरच्या भिंतीवरच पिस्टन घासत चालतो, जांभ्याचा धोंडा उडून पोचा आला की तिथे पिस्टन अडकतो आणि शॉकअप संपला. ट्विन-ट्यूबला बाहेरून लहानसा पोचा आला तरी आतल्या नळीला कळतही नाही.

फोम सेल हा ट्विन-ट्यूबचाच प्रकार. बाहेरच्या नळीत वायूऐवजी बंद छिद्रांचा फोम असतो, तो दबतो आणि फुलतो, त्यामुळे तेलात हवा मिसळायला हवाच शिल्लक नसते. वजन वाहणाऱ्या, संथ पण लांबचे कच्चे रस्ते तुडवणाऱ्या गाडीला हा चांगला. नळीचा घेर मोठा असतो, म्हणून मागे पाट्याच्या क्लिपला किंवा एक्झॉस्टला लागत नाही ना हे बसवण्याआधी हातानं धरून पाहायचं. या गाडीला मागे फोम सेल, पुढे वायूचा ट्विन-ट्यूब. बाहेरून फिरवायच्या बटणाचे नऊ टप्प्यांचेही मिळतात. वजन रोज बदलत असेल, सोमवारी रिकामी आणि गुरुवारी अर्धा टन, तर त्यांचा उपयोग आहे. इथे 160 किलो कायमचे आहेत, बटण एकदा लावून पावसाळ्याच्या चिखलात घट्ट बसणार.

किती कडक

लांबी जमली म्हणजे निम्मं झालं. शॉकअप वजन पेलत नाही, वजन स्प्रिंग आणि पाटे पेलतात. शॉकअप त्यांची हालचाल तेलाच्या घर्षणानं उष्णतेत बदलतो. म्हणून पाटा कडक झाला आणि वर वजन वाढलं की आवरायची ताकदही वाढवावी लागते, पण त्याच पटीत नव्हे, वर्गमुळाच्या पटीत. जादा पाट्यानं कडकपणा सुमारे 20 टक्के वाढला. मागच्या पाट्यांवर टेकलेलं वजन 650 किलो होतं ते 810 झालं, म्हणजे 25 टक्के. 1.20 गुणिले 1.25 म्हणजे 1.5, त्याचं वर्गमूळ 1.22. मागे मूळच्यापेक्षा पंचवीस टक्क्यांपर्यंत जास्त रिबाउंड (उघडतानाचा अटकाव) हवा, त्याहून नको. ‘हेवी ड्युटी’ म्हणून दुप्पट कडक घेतला तर खाचांच्या रस्त्यावर पाट्याला परत उघडायला वेळच मिळत नाही. प्रत्येक खाचेला मागचा भाग थोडा थोडा खाली बसत जातो आणि शेवटी गाडी बफरवर चालायला लागते. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप मऊ आहे.

शॉकअप 23 अंश कलला असल्यानं चाकापाशी त्याचा प्रभाव 0.92 चा वर्ग, म्हणजे 85 टक्केच पोचतो. कंपनीचाही याच कोनात होता म्हणून तुलनेत फरक पडत नाही. पण कोणी नवा ब्रॅकेट वेल्ड करून शॉकअप आणखी तिरका बसवायला सांगितला तर लक्षात ठेवावं: 45 अंशाला निम्माच प्रभाव उरतो.

विक्रेत्याकडे बळाचे आकडे मागावेत. काही कंपन्या पिस्टनचा वेग 0.52 मीटर प्रति सेकंद असतानाचं बळ देतात, आधी रिबाउंड, मग कंप्रेशन (मिटतानाचा अटकाव). आकडे मिळत नसतील तर निदान ‘कायम 150 ते 200 किलो भारासाठी’ अशी नोंद असलेला नंबर घ्यावा. शॉकअप ‘कम्फर्ट’ आणि पाटे ‘हेवी’ अशी सरमिसळ नको, एकाच उत्पादकाच्या एकाच भाराच्या रांगेतले घेतले की हा प्रश्न उरत नाही.

बसवताना

पुढचा स्ट्रट उघडताना स्प्रिंग दोन्ही बाजूंना सारखी दाबली गेली पाहिजे. दाबलेल्या स्प्रिंगच्या समोर तोंड ठेवून मधला नट कोणी सोडू नये, आणि इम्पॅक्ट गननं तर नाहीच. शक्य असेल तिथे स्ट्रट जुळवलेलाच मागवावा. वरची रबरी बैठक आणि माउंटिंग नवं टाकावं, जुन्याची खडखड नंतर शॉकअपच्या माथी मारली जाते.

ट्विन-ट्यूब डब्यात आडवा पडून आलेला असतो, आतल्या नळीत हवेचे बुडबुडे शिरलेले असतात. बसवण्याआधी सरळ उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि उघडायचा. पहिल्या दोन वेळा मध्येच पोकळ लागतं, मग चाल एकसारखी होते. तशी झाली नाही तर परत करायचा.

बुशचे बोल्ट हवेत लटकलेल्या गाडीत शेवटचे घट्ट करायचे नाहीत. हाताइतके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, आत दोन माणसं बसवून हलवायची आणि मग कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कला आवळायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. लोअर आर्मच्या बुशचे बोल्टही सैल करून याच पद्धतीनं परत आवळावेत, लिफ्ट करताना ते बहुधा कोणी सैल केलेलेच नसतात. पाट्यांना हात लावला असेल तर यू-बोल्ट नवे, जुने ताणलेले असतात.

त्याच दिवशी अलाइनमेंट. टो (वरून पाहताना चाकांची आत-बाहेर दिशा) तर लावतीलच, कॅस्टर दोन्ही बाजूंचा छापून मागायचा. मागच्या ॲक्सलला भारानुसार ब्रेक कमीजास्त करणारा दांडा असेल तर तो लिफ्टमुळे गाडी रिकामी समजून मागचे ब्रेक कमी देतो, त्याचा ब्रॅकेट तेवढाच सरकवून घ्यायचा. हेडलाइट खाली करायचे, समोरून येणाऱ्याचे डोळे आहेत.

कागदपत्रांचं एक वाक्य: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. शॉकअप ही झिजणारी वस्तू म्हणून बदलली जाते, पण उंची वाढवणं आरटीओत विचारूनच करावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

बसवल्यावर

चारही कोपऱ्यांवर हबच्या मध्यापासून चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंत उंची मोजून वहीत लिहायची. डावी-उजवी 10 मिमीच्या आत असावी. नवे स्प्रिंग पहिल्या हजार किलोमीटरमध्ये थोडे बसतात, म्हणून पहिल्या दिवशीच्या दोन-चार मिलिमीटरनं घाबरू नये.

हातानं बंपर दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची जुनी रीत पिकअपला लागू पडत नाही, पाट्यांच्या आपसातल्या घर्षणानंच ती थांबते. ओळखीच्या एका स्पीडब्रेकरवरून ताशी 20 किलोमीटरनं जायचं आणि मागून कोणालातरी बघायला सांगायचं: मागचा भाग एकदा वर, एकदा खाली आणि शांत व्हायला हवा. बफरच्या तोंडाला खडू फासायचा, त्याच चाकाच्या शॉकअपच्या दांड्यावर बारीक प्लॅस्टिकची झिपटाय अलगद अडकवायची, टोक कापून. मग नेहमीच्या वजनासकट नेहमीचा घाट उतरायचा. खाली आल्यावर झिपटाय जिथे सरकलेली असेल तिथपर्यंत शॉकअप मिटला. ती दांड्याच्या मुळाशी जाऊन चेपलेली असेल तर मापात कुठेतरी चूक आहे. थोडी अलीकडे थांबली असेल आणि बफरचा खडू पुसलेला असेल तर मोठा धक्का बफरनं घेतला, शॉकअपनं नाही, आणि तसंच हवं होतं.

कच्च्या रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर थांबून हाताची मागची बाजू चारही शॉकअपजवळ न्यायची, आधी जवळ, मग स्पर्श. सगळे गरम असायला हवेत, पुढचे दोन एकमेकांइतके, मागचे दोन एकमेकांइतके. एखादा गार लागला तर तो काम करत नाही, मग नवा असो की जुना. नळीवर तेलाचा पुसट ओलावा दिसला तर पुसून पुढच्या फेरीला बघायचं. दांडा सीलमधून तेलाचा पातळ थर बाहेर आणतोच. थेंब ओघळून खालच्या बुशपर्यंत पोचला तर ती गळती. 500 किलोमीटरला यू-बोल्ट आणि शॉकअपचे सगळे बोल्ट परत एकदा टॉर्क पान्ह्यानं तपासायचे, आणि अलाइनमेंटचा कागद स्प्रिंग बसल्यानंतर, हजार-बाराशे किलोमीटरला, नव्यानं काढून पहिल्याशी ताडून बघायचा.